शुक्रवारी रात्री निघून सोमवारी पहाटे घरी: पाच मित्रांचं बँकॉक

तुमचा प्रश्न असा: पुण्यातले पाच जण, कॉलेजपासूनचे मित्र, दोन मुली आणि तीन मुलगे. ऑगस्टअखेरच्या एका शुक्रवारी रात्री मुंबईहून निघायचं, सोमवारी पहाटे परत. माणशी चाळीस हजारांत बँकॉक होईल का, जोडीला पट्टाया घ्यावं का आणि काय चुकवू नये? एक मैत्रीण शुद्ध शाकाहारी, एकाला फक्त खरेदी करायचीय, दोघांना रात्रीचं बँकॉक बघायचंय आणि तुम्ही सगळ्यांना सांभाळून घेणारे. शेवटी कंसात लिहिलंय, ‘भांडणं होऊन गट फुटायला नको.’

मला खरा प्रश्न त्या कंसातलाच वाटतो. गेली सतरा वर्षं मी पुण्यातून लहान गटांच्या सहली आखते आहे. बँकॉक आवडलं नाही म्हणून भांडलेला गट मी अजून पाहिलेला नाही. भांडणं होतात ती एकाची आंघोळ उरकेपर्यंत चौघांना लॉबीत ताटकळावं लागतं म्हणून, नाहीतर टॅक्सीचे तीनशे बाट (बाट म्हणजे थाई चलन) कोणी दिले आणि कोणी विसरलं यावरून. म्हणून ‘काय बघायचं’ ते नंतर सांगते. आधी वेळ मोजू.

रात्री साडेअकराच्या सुमाराचं विमान धरा. सव्वाचार-साडेचार तासांचा प्रवास, त्यात थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. म्हणजे तिथल्या पहाटे साडेपाचला उतरलात. इमिग्रेशनची रांग, सामान, पैसे बदलणं हे सगळं आवरून शहराकडे निघेपर्यंत सात. परतीचं विमान रविवारी रात्री अकराचं असेल तर संध्याकाळी सातला हॉटेल सोडायला हवं. हातात राहिले छत्तीस तास. त्यातली झोप काढा, दोन आंघोळी काढा, जेवणं काढा. फिरायला मिळतात अठरा-वीस तास, तेही शुक्रवारी दिवसभर ऑफिस करून, एक्स्प्रेसवेवर घाटात अडकून, विमानात मान वाकडी करून झोपलेल्या अंगाने.

म्हणून पट्टाया नको. ते बँकॉकपासून दीडशे किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन चार तास कागदावर, शनिवार-रविवारच्या गर्दीत त्याहून जास्त. वीस तासांतले पाच बसमध्ये घालवायचे तर लोणावळ्याला गेलेलं बरं. शुक्रवार आणि सोमवार या दोन्ही दिवसांची रजा मिळत असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही मी अयुथयाला, म्हणजे त्यांच्या जुन्या राजधानीला जा म्हणेन. तुमचं गणित रजा किती आणि विमानाच्या वेळा कशा, या दोन गोष्टींवर फिरतं. सकाळी अकराला उतरणारं विमान दोन हजारांनी स्वस्त मिळालं म्हणून खूश होऊ नका, तुमची सबंध शनिवार सकाळ त्यात गेली.

पहिली अडचण पहाटेच उभी राहते. हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळते आणि तुम्ही सकाळी आठला घामेजलेले दारात. मी काय करते सांगते. दोन खोल्यांपैकी एक शुक्रवार रात्रीपासूनच घेते, दुसरी शनिवारपासून. एका रात्रीचे पैसे पाच जणांत वाटले तर माणशी चारशे बाटच्या आसपास जातात, आणि आल्या आल्या आंघोळ करून, कपडे बदलून बाहेर पडता येतं. आधी मुली, मग मुलगे, तोवर बाकीच्यांचा खाली नाश्ता. पाच जण ती खोली वापरणार हे हॉटेलला आधीच विचारून ठेवा. आणि ‘आम्ही शुक्रवारी रात्री नाही, शनिवारी पहाटे पोचणार’ असा मेलही करा. नाहीतर रात्री कोणी आलं नाही म्हणून हॉटेल बुकिंग रद्द करून मोकळं होतं. माझ्या एका गटाचं हे झालंय. अकरा वाजेपर्यंत सगळे लॉबीतल्या सोफ्यांवर झोपले होते, आणि मी पुण्यातून फोनवर फोन करत होते.

हॉटेल कुठे घ्यायचं? मी असोक चौकाच्या आसपास सुचवते. तिथे बीटीएस म्हणजे वरून जाणारी रेल्वे आणि एमआरटी म्हणजे मेट्रो, दोन्ही भेटतात. बीटीएसच्या स्टेशनला असोक म्हणतात, मेट्रोच्या स्टेशनला सुखुमवित. आता एक मजा बघा. मेट्रोची निळी लाइन २००४ साली सुरू झाली आणि २०१९ मध्ये जुन्या शहरापर्यंत वाढवली. तेव्हापासून तुमच्यासारख्यांची सहल जवळजवळ एकाच लाइनवर बसते. राजवाडा आणि मंदिरांसाठी सनाम चाय, चायनाटाउनसाठी वात मंगकोन, चतुचकच्या बाजारासाठी कम्फेंग फेत, बागेसाठी लुंफिनी. गाडी बदलायची भानगडच नाही. सुवर्णभूमी विमानतळावरून एअरपोर्ट रेल लिंकने मक्कासानला उतरा, चालत फेचाबुरी मेट्रो स्टेशन गाठा, पुढचंच स्टेशन सुखुमवित. टॅक्सीत मात्र पाच जण आणि पाच बॅगा मावत नाहीत. दोन टॅक्सी कराव्या लागतात, आणि दोन टॅक्सी म्हटलं की कोण कोणाबरोबर बसणार, कोणाकडे सुट्टे आहेत हे सगळं आलंच. मेट्रोच्या फाटकावर आपलं कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवून जाता येतं. फक्त बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला कॉन्टॅक्टलेस वापर निघायच्या आधी चालू करून ठेवा, तिथे ओटीपीची वाट बघत बसू नका.

शनिवारची सकाळ पाचही जणांनी एकत्र घालवावी. सगळे ताजे असतात, उत्साह असतो. सनाम चायला उतरा. स्टेशनच आतून दरबारी थाटात सजवलंय, खांब, सोनेरी छत, त्यामुळे पहिले फोटो तिथेच निघतात. वर आलात की वात फो (वात म्हणजे मंदिर), तिथला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. इतक्या मोठ्या मूर्तीसमोर उभं राहून ती एका नजरेत मावत नाही. पायांकडच्या टोकाला जाऊन उभे राहा, तळव्यांवर शिंपल्यांचं नक्षीकाम आहे. मागच्या बाजूला भिंतीलगत पितळी भांड्यांची रांग असते, लोक एकेक नाणं टाकत पुढे जातात आणि त्याचा टिणटिण आवाज सबंध दालनात चालू असतो. मला त्या मंदिरातलं तेच जास्त आठवतं.

शेजारच्या ग्रँड पॅलेसला आत जायचं की नाही, हे तुमच्या गटावर आहे. तिकीट ५०० बाट, ऊन मरणाचं, गर्दी पंढरपूरची. पण एखाद्याला चित्रांची, गोष्टींची आवड असेल तर जरूर जा. राजवाड्याच्या आवारातल्या पाचूच्या बुद्धाच्या मंदिराभोवतीच्या ओवरीत सबंध रामायण रंगवलंय, १७८ चित्रं. त्यांचं रामायण म्हणजे रामकियेन, आणि त्यातला हनुमान बघून आपली माणसं चाट पडतात. आपला मारुती ब्रह्मचारी, त्यांचा मारुती चांगलाच रंगेल. रावणाच्या मुलीच्या, एका मत्स्यकन्येच्या प्रेमात पडतो, त्यांना मुलगाही होतो. माझ्याबरोबर एकदा कोथरूडचे एक काका होते, शनिवारी मारुतीला तेल घालणारे. त्यांनी गाइडला तीनदा विचारलं, ‘हा नक्की आपलाच का?’

राजवाड्याच्या बाहेर एखादा नीटनेटका गृहस्थ हमखास भेटेल. अगदी आपुलकीने सांगेल की आज पूजा आहे, राजवाडा एकपर्यंत बंद, तोवर टुकटुकने वीस बाटमध्ये दुसरी मंदिरं दाखवतो. ती टुकटुक शेवटी रत्नांच्या नाहीतर सूटच्या दुकानात जाऊन थांबते. राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो. तिकीटखिडकीपर्यंत स्वतः चालत जा. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, मुलग्यांनी हाफ पँट घालून येऊ नये. नदीपलीकडे वात अरुण दिसेल, था तियन धक्क्यावरून होडी पाच-दहा बाटांत पलीकडे सोडते. जवळ गेलात की कळतं, त्या शिखराची सगळी नक्षी चिनी मातीच्या तुकड्यांची आहे.

दुपारी एकच्या पुढे काहीही ठरवू नका. हॉटेलवर परत जा, दुसरी खोली ताब्यात घ्या आणि दोन-तीन तास झोपा. ‘झोपायला का इतक्या लांब आलो?’ असं कोणीतरी म्हणणारच. म्हणू दे. शनिवारी दुपारी न झोपलेला गट रात्री आठला एकमेकांवर खेकसायला लागतो, हा माझा अनुभव आहे. शिवाय ऑगस्टअखेर पाऊस बहुतेक दुपारी नाहीतर संध्याकाळी येतो, तासभर धो धो आणि मग गायब. तो वेळ पांघरुणात गेलेला बरा.

रात्री यावरात, म्हणजे चायनाटाउन. आता तुमच्या शाकाहारी मैत्रिणीबद्दल. तिथे ‘व्हेज’ हा शब्द भरवशाचा नाही, कारण नुसत्या भाजीतही फिश सॉस असतो, सोम तम म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, तिच्यात सुकी कोळंबी असते. कामाचा शब्द एकच, ‘जे’. पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल अक्षरांत लिहिलेला असतो आणि आपल्या डोळ्यांना तो इंग्रजी सतरासारखा दिसतो. ‘जे’ म्हणजे मांस-मासे, अंडं, दूध यातलं काही नाही आणि वर कांदा-लसूणही नाही. श्रावण पाळणाऱ्या घरातली असेल तर याहून सोवळं तिला पुण्यातल्या हॉटेलातही मिळायचं नाही. यावरातहून पाहुरात चालण्याच्या अंतरावर आहे. तिथे भारतीय कापडवाल्यांची वस्ती, मोठा गुरुद्वारा आणि साधी पंजाबी जेवणाची दुकानं आहेत. तरीही तिच्या बॅगेत दशम्या, चटणी आणि खाकरे असू देत. आणि कृपा करून चारही जणांनी तिच्यासाठी तिन्ही वेळा भारतीय हॉटेल शोधत हिंडू नका, त्यात तिलाच सगळ्यात जास्त संकोच होतो. शनिवार रात्रीचं जेवण सगळ्यांनी तिच्या सोयीने करा, बाकीच्या वेळी ज्याला जे हवं ते.

जेवणानंतर ज्यांना रात्रीचं बँकॉक बघायचंय ते जाऊ देत. मेट्रो मध्यरात्रीच्या सुमाराला बंद होते, परतताना ॲपवरून गाडी मागवा. दोघांनी बरोबरच परतायचं, एकट्याने नाही, आणि किंमत लिहिलेली नसेल अशा ‘शो’च्या दारात पाऊल टाकायचं नाही, कारण बिल बाहेर पडताना कळतं. पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५, सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

रविवारबद्दल माझा आग्रह आहे. रविवारची सकाळ पाचांनी एकत्र घालवायची नाही. हे आधीच, पुण्यात असतानाच ठरवा. तिथे ऐनवेळी ‘मी येत नाही रे’ म्हटलं की कोणाचं तरी तोंड पडतं. ठरलेलं असलं की कोणी कोणाला नाही म्हणत नाही. खरेदीवाला आठ-नऊला चतुचकच्या बाजारात जाईल. पंधरा हजारांवर गाळे आहेत, तो तीन तास दिसणार नाही आणि त्याच्यामागे पिशव्या धरून फिरायला कोणी नको. रात्री जागलेले दोघं दहापर्यंत झोपतील. तुम्ही आणि राहिलेली मैत्रीण लुंफिनी बागेत जा. तळ्याकाठी पाच-सहा फुटी घोरपडी फिरत असतात, धावायला आलेल्या माणसांच्या शेजारून संथपणे रस्ता ओलांडतात आणि कोणी ढुंकूनही बघत नाही. आपल्याकडचा माणूस मात्र तानाजीची घोरपड आठवून दोर शोधायला लागतो.

मग बारा वाजता सगळ्यांनी चतुचकच्या मधोमध असलेल्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली भेटायचं. हा मनोरा गल्ल्यांतून लांबून दिसतो, ‘अमुक नंबरच्या सेक्शनपाशी’ असं ठरवलंत तर अर्धा तास एकमेकांना लोकेशन पाठवत बसाल. पंधरा मिनिटं थांबायचं, कोणी आलं नाही तर बाकीच्यांनी जेवायला जायचं आणि उशिरा येणाऱ्याने रुसायचं नाही, हेही आधीच ठरवा. दुपारचं ऊन एखाद्या मॉलमध्ये काढा, सहाला हॉटेलवर, सातला बाहेर.

पैशांचं. हिशेबासाठी एक बाट म्हणजे तीन रुपये धरा. खरा दर सहसा त्याहून थोडा कमी असतो, पण डोक्यात गुणाकार सोपा होतो आणि हात आखडता राहतो. ऐन शनिवार-रविवारचं मुंबई-बँकॉक परतीचं तिकीट मी बावीस ते पंचवीस हजारांच्या खाली क्वचित बघते. हॉटेल माणशी साडेतीन-चार हजार, पुणे-मुंबई गाडी दोन्ही वेळची मिळून दीड-दोन हजार, खाणं-फिरणं-तिकिटं दहा हजार. म्हणजे चाळीस हजार जेमतेम पुरतात, खरेदी वेगळी. तिकिटं महिना-दीड महिना आधी काढलीत तरच.

हिशेब ठेवायला सरळ पद्धत. तिकीट आणि हॉटेलचे पैसे बुकिंगच्या आधी सगळ्यांनी एकाच्या खात्यात टाकायचे, ‘तू भर, मग देतो’ अजिबात नाही. तिथे पोचल्यावर प्रत्येकाने हजार बाट एका पाकिटात टाकायचे. ते पाकीट टॅक्सी, होडी, पाणी असल्या किरकोळ खर्चासाठी, आणि सांभाळणारा माणूस तुम्ही नाही. तुम्ही आधीच पुष्कळ सांभाळताय. जेवणाचं मात्र टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी. एक बिअर पिणार, एक नुसतं नारळपाणी, त्याचे पाच सारखे भाग केले की नारळपाणीवाला बोलत नाही पण लक्षात ठेवतो. पैसे बदलायचे तर विमानतळाच्या बाहेरच्या दालनात नाही, तळघरात रेल्वे स्टेशनाशेजारी बदला, तिथला दर बराच बरा असतो. एटीएम दर वेळी दोनशे बाटहून जास्त शुल्क घेतं. कार्डाच्या मशीनने ‘रुपये की बाट’ विचारलं तर बाट. हॉटेलवाले अनामत म्हणून हजार-दोन हजार बाट मागतील, ते जाताना परत घ्यायला विसरू नका. रविवारी संध्याकाळच्या घाईत हमखास विसरतं.

रस्त्यावर हिरव्या पानाच्या पाट्यांची दुकानं दिसतील. थायलंडने २०२२ मध्ये गांजावरची बंदी उठवली, पण जून २०२५ पासून तो डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. तिथे काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा, पण परत येताना बॅगेत चॉकलेट, बिस्किट, तेल या रूपातही काही नको आणि अनोळखी माणसाची पिशवी तर नकोच. बँकॉकहून येणाऱ्या विमानांवर मुंबईच्या कस्टम्सचं बारीक लक्ष असतं. आणि कोणी व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढत असेल तर ती पुण्यातच ठेवून यावी. थायलंडमध्ये ती बेकायदा आहे.

कागदपत्रं थोडीच आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीय पर्यटकांसाठी व्हिसाची अट काढली, मात्र नियम तेव्हापासून बदलत आलेत. तिकीट काढायच्या दिवशी थाई दूतावासाची वेबसाइट एकदा उघडून बघाच. १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन-कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली असेल तर ती खोटी. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून प्रत्येकाच्या हातात द्या.

सोमवारी पहाटे दोनला मुंबईत उतरलात तरी पुण्यात घरी पोचेपर्यंत सहा-सात वाजतील. त्या दिवशी नऊची मीटिंग ठेवणाऱ्याला आत्ताच सांगा.

आणि एक राहिलंच. तिकीट काढायच्या आधी पाचही जणांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मागवा. ‘आहे रे, व्हॅलिड आहे’ यावर विश्वास ठेवू नका. प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिन्यांची मुदत हवी, पानं फाटलेली नकोत, तिकिटावरचं नाव पासपोर्टसारखं हवं. दोन वर्षांपूर्वी सहा मुलांचा एक गट पाठवला होता, मी तेव्हा फक्त तारखा विचारल्या, फोटो मागवले नाहीत. एकाने २०२५ ऐवजी २०२६ वाचलं होतं. चेक-इन काउंटरवर रात्री नऊला कळलं. चौघं गेले, त्याच्याबरोबर एक जण परत फिरला. मध्यरात्री एकला एक्स्प्रेसवेच्या फूड मॉलवरून दोघांनी मला मिसळीचा फोटो पाठवला. त्या गटातले ते दोघंच अजून दर वर्षी एकत्र फिरायला जातात, आणि आता पासपोर्टचे फोटो मी मागायच्या आधी पाठवतात.